सात ठिकाणांतली दोन

पोरंबाळं : साप्ताहिक सदर

दिवाळीआधीच्या शनिवारी धुळ्याहून दोन मुलांना घेऊन तोरणमाळला निघाले, तेव्हा माझ्याकडच्या कागदावर सात ठिकाणं होती. यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरक्षनाथांचं मंदिर आणि जाता जाता उनपदेवचा गरम पाण्याचा झरा. त्यातली दोन झाली. तरीही ही आमची आजवरची सर्वांत बरी सहल. ती बरी का झाली, हे सांगताना माझीच थोडी फजिती सांगावी लागेल.

सारंगखेड्याला तापीचा पूल लागला आणि धाकट्यानं घोडे मागितले. इथं घोड्यांचा बाजार भरतो, हे मीच आदल्या रात्री सांगून बसले होते. तो दत्तजयंतीच्या यात्रेत, म्हणजे डिसेंबरात भरतो, एवढं सांगायचं राहिलं होतं. चार वर्षांच्या माणसाला ‘अजून दीड महिना’ हे उत्तर देऊन बघा. शहादा येईपर्यंत गाडीत घोडे एके घोडे चाललं होतं.

शहाद्याहून तोरणमाळ साधारण पंचावन्न किलोमीटर. म्हसावद, राणीपूर मागे पडलं की पपई-केळीचा सपाट मुलूख संपतो आणि सातपुडा अंगावर येतो. सात पायरी घाटाची वळणं मोठ्यांना देखणी वाटतात. मागच्या सीटवरच्यांना पुढचा रस्ता दिसत नाही, फक्त पोट ढवळतं. डोळे मोबाइलच्या स्थिर चित्रावर आणि अंग मात्र वळणावर, या भांडणात पोट हरतं. मोबाइल काढून घेतला, काचा खाली केल्या, आवळासुपारी दिली, तरी थोरलीनं एका वळणावर जे व्हायचं ते केलंच. गाडी थांबवली, तोंड धुतलं, आणि तिथंच अर्धा तास गेला. कारण रस्त्याकडेला एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती.

इथल्या, अक्राणीच्या डोंगरउतारांवर सीताफळाची झाडं आपोआप उगवतात. शरदात ती पिकली की बायका पाट्या भरून रस्त्यावर येतात. त्या बाईंनी मुलांना डोळे पडलेलं फळ कसं ओळखायचं ते दाखवलं: दोन डोळ्यांमधली खाच रुंद झाली, तिथं पिवळसर पांढरेपणा आला, की घ्यायचं. मुलं खाली मांडी घालून बसली. एकेका बीवरचा गर चोखायचा, बी पुढ्यात ठेवायची, मोजायची. बिया चावायच्या नाहीत आणि तोच हात डोळ्याला लावायचा नाही, एवढ्या दोन सूचना मी केल्या, कारण बियांची भुकटी डोळ्यांना फार झोंबते. पुढं दरी पसरलेली होती, उतारांवर सुटी सुटी घरं, प्रत्येक घर आपल्या शेतात, ज्वारीच्या कणसांवर ऊन. मी ‘बघा, बघा’ म्हणत होते. एकानंही मान वर केली नाही. लहान मुलाला दूरचं दिसत नाही असं नाही; हाताला लागत नाही त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, इतकंच. पॉइंट ही आपल्या वयाची गरज आहे.

त्याच अर्ध्या तासात खालून दोन जीपगाड्या आल्या. आत मुलं, टपावर पत्र्याच्या पेट्या. आश्रमशाळांना दिवाळीची सुटी लागली होती. आईबाप किंवा मोठा भाऊ न्यायला आलेला, आणि सहासात वर्षांपासूनची पोरं पेटीसकट आपापल्या पाड्यावर निघालेली. एक जीप सीताफळांपाशी थांबली.

‘‘आई, हे पण ट्रिपला चाललेत?’’ सात वर्षांच्या थोरलीचा प्रश्न.

‘‘नाही, घरी चाललेत.’’

‘‘मग राहतात कुठे?’’

शाळेत राहतात, असं सांगितलं. पाडे डोंगरात विखुरलेले, शाळा लांब, म्हणून तिथंच जेवण, तिथंच झोप, आणि घर सुटीत. तिनं पेट्यांकडे बघितलं. मग विचारलं, ‘‘रात्री पाणी हवं असलं तर कुणाला उठवतात?’’ मला उत्तर आलं नाही. आश्रमशाळांवर मी या सदरात दोनदा लिहिलंय; हा प्रश्न मात्र मला सुचला नव्हता.

इथं मला एका सवयीबद्दल बोलायचं आहे. सातपुड्यात फिरायला येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गाडीत हल्ली बिस्किटपुड्यांचा खोका असतो. काच खाली करून रस्त्यावरच्या पोरांना वाटायचा, आपल्या पोराच्या हातून, आणि त्याचा फोटो काढायचा. ‘मुलांना जाणीव व्हायला हवी’, असं म्हणतात. जाणीव कसली होते? काच खाली करणारा आपण आणि हात पुढं करणारा तो, एवढीच. आपल्या कॉलनीत अनोळखी गाडीवाल्याकडून खाऊ घेऊ नको, असं आपणच पढवतो ना? तोच नियम घाट चढला की कसा बदलतो? मुलीनं त्या दिवशी कुणाला काही दिलं नाही. जीपमधल्या तिच्याच वयाच्या एका मुलीनं तिच्या पुढ्यातल्या बियांकडे बोट करून विचारलं, ‘‘किती?’’ ‘‘एकेचाळीस.’’ दुसरीनं आपल्या मोजून दाखवल्या. भरल्या त्रेपन्न. जीप सुटली. थोरली चिडली होती. बरोबरीच्या कुणाशी हरल्यावर येतो तसला राग होता तो.

सीताफळांचे पैसे सांगितले तेवढे दिले. घासाघीस केली असती तर थोरलीनं तीही शिकून घेतली असती.

वर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तोरणमाळ सुमारे 1150 मीटरवर. शहाद्यापेक्षा हजार मीटर उंच, आणि दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी उतरते. खाली ऑक्टोबरचा उकाडा होता म्हणून मी स्वेटर एकच घेतला होता. चहावाल्या बाबांनी धाकट्याकडे बघून मला ऐकवलं, ‘‘पोरले टोपी घाल माय, आठे थंडी शे.’’ शेवटी त्याच्या डोक्याला माझी ओढणी बांधली.

यशवंत तलावाच्या काठी दोन तास गेले, दगड फेकण्यात. दुसऱ्या दिवशी सीताखाई. पावसाळ्यात इथं पाणी घोंगावत कोसळतं, आता बारीक धार होती. मी धाकट्याचा दंड इतका घट्ट धरला होता की त्याला दरीपेक्षा माझा हातच जास्त आठवत असेल. पाच मिनिटांत परत फिरलो. गुहा, मंदिर, खडकी पॉइंट, सगळं कागदावर राहिलं. उनपदेवच्या फाट्याला दोघंही झोपलेली होती. मी गाडी थांबवली नाही.

तोरणमाळचं महाबळेश्वर करायच्या गोष्टी मी कित्येक वर्षं ऐकतेय. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998ला, त्याच्याही आधीपासून. होईल तेव्हा होवो. मला शहाद्यापासून वरपर्यंत सात वर्षांच्या मुलीला निःशंक आत सोडता येईल असा एक संडास हवा होता. तो सापडला असता तर रोपवे नसल्याचं मला काही वाटलं नसतं.

घरी आल्यावर थोरलीनं मागची सीट उचलून झडती घेतली. सांडलेल्या बारा बिया निघाल्या. एकेचाळीस आणि बारा त्रेपन्न. आता तिला ते त्या मुलीला कळवायचं आहे, आणि नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

— वि. म.