खोगीर घसरतं म्हणून तंग आवळू नका

वरातीत नवरदेव एका अंगाला कलंडला की घोडीवाल्याचा हात आधी तंगाकडे जातो. पोटाखालचा तो पट्टा आणखी एक भोक वर ओढायचा, घोडीने कान मागे टाकले तर लगामाला हिसका द्यायचा आणि पुन्हा बँडच्या तालावर चालायचं. चंद्रपूरच्या जटपुरा गेटपासून सिरोंच्यापर्यंत मी हे पाहत आलो आहे. माझं म्हणणं एकच आहे: खोगीर घसरण्यावर तंग आवळणं हा इलाज नाही. खोगीर घसरतं वेगळ्याच कारणांनी, आणि आवळलेल्या तंगाची शिक्षा मात्र घोडीला होते.

पशुवैद्यक म्हणून माझी नोकरी मूल, चामोर्शी, आलापल्ली अशा गावांत गेली. इकडच्या दवाखान्यात बैल, गायी, शेळ्या यायच्या, घोडी क्वचितच. पण आलीच, तर जखमेची जागा बहुतेक ठरलेली असायची. एक तर पुढच्या पायाच्या कोपरामागे, तंगाच्या रेषेत कातडी सोललेली. नाही तर मान संपते तिथे, खांद्यांवरच्या उंचवट्यावर सूज. ही दुसरी जखम वाईट. वरून बारीक दिसते, आत पू धरते, तिथे मांस कमी आणि हाड जवळ असल्यामुळे नासूर होऊन महिनोन्महिने वाहत राहते. तंग जरा सैल ठेवा म्हटलं की उत्तर यायचं, "सैल सोडला तं नवरदेव खाली येते ना जी, डॉक्टरसाहेब! मग पैसे कोन देईन?" पोट त्या घोडीवर चालणाऱ्या माणसाची ती खरी भीती होती. त्यामुळे खोगीर नेमकं का घसरतं, हे नीट सांगायला हवं.

वरातीच्या घोडीवर आपल्याकडे बहुधा नुसत्या गादीचं खोगीर असतं. आत कापूस नाही तर चिंध्या, वरून मखमल आणि जर. लाकडाचा सांगाडा नसतो. असं खोगीर मुळात वाईट नाही. मराठी घोडदळात गादीचं खोगीर सर्रास वापरात होतं. ते हलकं असतं, पाठीच्या आकाराप्रमाणे वळतं. पण सांगाड्याचं एक काम असतं. तो माणसाचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देतो आणि खांद्याच्या उंचवट्यावर कमानीसारखी मोकळी जागा ठेवतो. गादीत ही कमान नसते. कापूस दबला की वजन थेट कण्यावर येतं, आणि एका रिकिबीत जोर पडला की सगळी गादीच त्या बाजूला फिरते.

जोर पडतो तो बहुतेक चढताना. शेरवानी घातलेला नवरदेव आयुष्यात पहिल्यांदा रिकिबीत पाय घालतो आणि जमिनीवरून स्वतःला वर खेचतो. त्या क्षणी त्याचं सगळं वजन डाव्या बाजूला लोंबतं. खोगीर तिथेच फिरतं. वरातभर मग फक्त ते दिसत राहतं. पुढ्यात भाचा बसवला की तोल आणखी बिघडतो. घोडी खाऊन गोल झालेली आणि खांद्याचा उंचवटा सपाट असली, तर गादीला अडायला जागाच उरत नाही. त्यात शोभेसाठी खोगिराखालून साटीनची झूल घातलेली असते. घामाने ओल्या अंगावर साटीन म्हणजे तेलावर ठेवलेला पाट.

तंग किती ओढावा यालाही मर्यादा आहे. पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कसताना घोडी पोट फुगवते, म्हणून आधी हलका बांधावा, चार पावलं चालवावी आणि मग बेताने कसावा. त्यापुढे ओढला की खोगीर घट्ट होत नाही. घोडीचं श्वास घेणं अवघड होतं, पाऊल आखूड पडतं आणि ती लवकर थकते.

खोगीर जागेवर ठेवायला जुन्या लोकांनी तंगावर कधीच सगळी भिस्त ठेवली नव्हती. मागे सरकू नये म्हणून छातीवरून पेशबंद, पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालून दुमची, आणि गादीखाली लोकरीचा नमदा. हत्तीचंही तसंच. आलापल्लीच्या जंगलात सागाचे ओंडके ओढायला हत्ती होते. हत्तीच्या पाठीवरची गादी पोटाखालच्या एका दोरावर राहत नाही. गळ्याकडून आणि शेपटीखालून दोर घेऊन ती धरावी लागते. आज वरातीच्या घोडीवर पेशबंद दिसतो, पण घुंगरं लावून शोभेपुरता लोंबणारा. दुमची बहुतेक ठिकाणी नाहीशी झाली. कडेला घसरण्यावर मात्र या दोन्हींचा उपयोग थोडाच. तिथे घट्ट विणीचा नमदा लागतो, कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड आणि मध्ये पन्हळ सोडलेली गादी लागते, आणि चढायला उंच पायरी. यातली पायरी तर फुकट आहे. मंडपात लाकडी स्टूल असतंच.

कायदाही याबद्दल गप्प नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. खोगिराची कमान आणि खांद्याचा उंचवटा यांत पुरेसं अंतर हवं, साज त्या उंचवट्यावर टेकता कामा नये, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. लगामाच्या कडीला काटे लावायला बंदी आहे. तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याला ७० किलोंची मर्यादा आहे. गादीच्या खोगिराला कमानच नाही, मग हा नियम लागू कसा, असं कोणी विचारील. माझ्या मते तो इथेच सर्वांत जास्त लागू आहे, कारण टेकण्याचा धोका इथेच सर्वांत जास्त आहे.

याच नियमांत आणखी एक अट आहे: पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या जनावरांना कामाला जुंपायचं नाही. चंद्रपुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४० च्या खाली पारा दिसतो कधी? आणि आपल्या गावांकडचे मुहूर्त भर दुपारचे. तापलेल्या डांबरावर, डीजेच्या भिंतीपुढे घोडी तासभर उभी असते. घाम जितका जास्त, तितकं खोगीर सरकतं आणि तितका तंग आवळला जातो. पशुसंवर्धन विभाग आणि महानगरपालिका यांनी लग्नसराईत एकदा तरी या घोड्यांची पाठ-तपासणी ठेवावी. त्याला यंत्र लागत नाही. खोगीर उतरवलं की ओल्या पाठीवर जिथे कोरडा ठिपका दिसतो, तिथे दाब जास्त पडला आहे. जुन्या जखमेवर पांढरे केस उगवतात. पण वरातीला पांढरीच घोडी हवी असते, म्हणून तिच्यावर ते दिसत नाहीत. तिथे हात फिरवूनच पाहावं लागतं.

घोडीवाल्यांना दोष देऊन मी थांबणार नाही. नमदा आणि नीट शिवलेली गादी यांना पैसे लागतात, आणि आपण दरात घासाघीस करतो. घरात लग्न असेल तर ठरवतानाच चार पैसे जास्त द्या, पण दिवस उतरल्यावरची वेळ घ्या, साटीनची झूल खोगिराखाली नको म्हणून सांगा, नवरदेवाला स्टुलावरून चढवा आणि लहान मुलाला पुढ्यात बसवू नका. आणि बयाणा देण्याआधी खोगीर उतरवायला लावून घोडीची पाठ स्वतः पाहा. जखम दिसली तर ती घोडी घेऊ नका.