गांवाची पाटी बदलली, पुढें काय?

सातारा जिल्ह्याचे तालुके 11. 2011 च्या शिरगणतींत येथील वस्ती 30 लाखांवर भरली. त्यांत शहरवासी शेंकडा सुमारें 19. बाकीची सारी रयत खेड्यांतली. सातारा, कऱ्हाड, वाई, फलटण, रहिमतपूर, म्हसवड येथें नगरपालिका आहेतच. अलीकडे कोरेगांव, पाटण, मेढा, वडूज, दहिवडी, खंडाळा व लोणंद या गांवांच्याहि नगरपंचायती झाल्या.

पाटी बदलली म्हणून आमच्या पुष्कळ बंधूंस आनंद झाला. आनंद वाईट नाहीं. पण पाटीबरोबर काय आलें व काय गेलें, हें त्यांस कोणी समजावून सांगितलें काय? पूर्वीं गांवचा कारभार 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानें चाले. आतां तो 1965 च्या नगरपरिषद कायद्यानें चालतो. पूर्वीं सुतार असो कीं कुंभार, ग्रामसभेंत उभा राहून सरपंचास हिशोब पुसूं शके. ती ग्रामसभा आतां राहिली नाहीं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकींतलें मतहि गेलें. पुष्कळ ठिकाणीं शाळा मात्र जिल्हा परिषदेचीच राहिली. म्हणजे पोरें ज्या शाळेंत बसतात, ती चालविणारा सभासद निवडण्याचा हक्क त्यांच्या आईबापांस नाहीं! आम्ही पोरें शिकविणारे. आम्हांस हें फार लागतें.

शहर व खेडें यांतील हा भेद नवा नाहीं. सातारची नगरपालिका 1853 ची. मुंबई इलाख्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिकार 1918 च्या कायद्यानें नगरपालिकांस मिळाला. खेड्यांच्या लोकल बोर्डांस 1923 पर्यंत थांबावें लागलें. त्या पांच वर्षांत खेड्यांतलीं किती पोरें गुरांमागें राहिलीं असतील!

बरें, मत तरी नेहमीं हातीं असतें काय? 2022 च्या सुमारास जुन्या नगरपालिका व जिल्हा परिषद प्रशासकांच्या हातीं गेल्या. नगरपालिकांच्या निवडणुकींस डिसेंबर 2025 उजाडावा लागला. तोंवर नळाचें पाणी आलें नाहीं तर गाऱ्हाणें न्यावें कोणाकडे?

जोतीराव फुले 1876 पासून पुणें नगरपालिकेचे सभासद होते. आपल्या माणसानें त्या खुर्चीवर बसून काय पुसावें, याचा धडा तेथें आहे. आज निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागीं आमच्या भगिनींनीं स्वतः बसावें, नवऱ्यास बसवूं नये. घरपट्टीची पावती जपून ठेवावी. अंदाजपत्रक मागावें; न दिल्यास 2005 च्या माहितीच्या कायद्यानें अर्ज करावा. वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या पोराकडून वाचून घ्यावें.

बंधूंनो, पाटी सरकारनें बदलली. हिशोब मात्र आपणांसच तपासावा लागेल.