विजेचा भरवसा आणि हिशेबाची शिस्त

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीवर चालते, हे आपल्या पेठेत कोणी नव्याने सांगावयास नको. मात्र ही वही आता लाल कापडाची बांधणी सोडून संगणकात जाऊन बसली आहे. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर ज्यांनी या यंत्रास कधी हात लावला नव्हता, त्यांच्याही घरी ते आले. दुकानात राहिलेला हिशेब रात्री घरी पुरा करावा, किंवा सुनेने अथवा मुलीने तो सांभाळावा, अशी रीत पुष्कळ कुटुंबांत पडली आहे. ही सोय चांगलीच आहे. परंतु जुनी वही कंदिलाच्या उजेडातही उघडता येत असे. संगणक विजेवाचून उघडत नाही. या भेदाचा आपण पुरेसा विचार केलेला नाही, असे मला नम्रपणे वाटते.

आपल्या बेळगाव-निपाणी भागात वळवाचा पाऊस झोडपू लागला की झाडाच्या फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये व 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगा-दूधगंगेस महापूर आले. अशा प्रसंगी प्रवाह बंद ठेवणे हेच जीविताच्या दृष्टीने हिताचे असते. भर पावसात खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्यास दोष देऊन आपला हिशेब वाचत नाही. शिवाय मोठ्या यंत्रणाही अभंग नसतात. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर कोयनेची वीज खंडित झाली आणि मुंबईचे कारखाने अडले. 30 व 31 जुलै 2012 रोजी उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी तर 60 कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशास त्याची झळ लागली. दक्षिणेचे जाळे तेव्हा निराळे चालत असल्याने आपण बचावलो. पुढे 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने तेही देशाच्या जाळ्यास जोडले गेले. एकीने बळ वाढते, तशी जोखीमही वाटून घ्यावी लागते.

यावर उपाय म्हणून आपण मोठा इन्व्हर्टर घेतो व निश्चिंत होतो. येथेच विचाराची गरज आहे. वीज गेल्यावर संगणकाच्या आतील वीजपुरवठ्याचा भाग सेकंदाचा सुमारे पन्नासावा हिस्सा तग धरतो. केवळ दिवे-पंख्यांसाठी लावलेल्या इन्व्हर्टरला बॅटरीवर येण्यास याहून अधिक वेळ लागू शकतो. दिवा क्षणभर मिचकतो. संगणक मात्र बंद पडतो आणि अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते. म्हणून संगणकास यूपीएस हवाच. घरगुती लहान यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यावर संगणक दहा-पंधरा मिनिटे चालतो. हातातील नोंद पुरी करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी ही मिनिटे आहेत. काम रेटण्यासाठी नाहीत. त्याच यूपीएसवर लेसर प्रिंटर जोडला, तर तो भार न पेलून सर्वच बंद पडते.

छतावरील सौरऊर्जेविषयीही एक गैरसमज आहे. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठरले. संच अवश्य बसवावा. परंतु बॅटरी नसलेला साधा संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाचे प्राण वाचावेत, म्हणून त्याची रचनाच तशी असते.

तात्पर्य, यंत्राला यंत्राचा आधार देत गेल्याने भरवसा पुरा होत नाही. बिघडलेले यंत्र बाजारात पुन्हा मिळते. गेलेला हिशेब कोणत्याही दुकानी मिळत नाही. कायद्यानेही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावयाचे असून, संगणकावरील नोंदींची नक्कल ठेवण्याचे बंधन घातले आहे. तरीही मोठ्या बॅटरीवर हौसेने खर्च करणारे आपण पेनड्राइव्हवर रोजची नक्कल उतरविण्यास आळस करतो. कोणी म्हणेल, आता सर्व काही इंटरनेटवर राहते. तेथे एक प्रत जरूर असावी. पण दूरच्या प्रतीपर्यंत पोहोचावयासही वीज लागतेच. शेतकऱ्याचा माल उतरला असता, वीज नाही म्हणून त्याला येणे-देणे सांगता आले नाही, तर आपल्या शब्दाला काय किंमत राहील? शिल्लक काढल्यावाचून पेढी न मिटण्याची वाडवडिलांची शिस्त होती. तीच नव्या रूपात पाळावी: दिवसाअखेर एक नक्कल घरात, एक दुसऱ्या जागी, आणि येणे-देण्याचा त्रोटक रोजमेळ कागदावर.

आणखी एक गोष्ट आपल्या धर्मास अनुसरून सांगतो. बॅटरीतील शिसे व आम्ल विषारी असतात. जुनी बॅटरी फोडून आम्ल गटारात ओतणे ही असंख्य जीवांची हिंसाच होय. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत ठिकाणीच गेली पाहिजे. आपल्या संघाने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सभासदांच्या घरच्या अर्थिंगची व बॅटऱ्यांची तपासणी करावी, आणि निकामी बॅटऱ्या एकत्र करून योग्य मार्गी लावाव्यात, अशी कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. खर्च अल्प आहे. येत्या वळवाआधी प्रारंभ व्हावा.