घरातील नाट्यगृह

दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा पडदा, त्याच्या दोन्ही अंगांस स्पीकर, कोपऱ्यात घुमणारी एक जड पेटी, आणि या सर्वांस चित्र व ध्वनी पुरविणारी तळहाताएवढी एक डबी, एवढी सामग्री आता मध्यम स्थितीच्या पुष्कळ घरांतून दिसू लागली आहे. या डबीस डिजिटल मीडिया प्लेअर म्हणतात. इंटरनेटवरून येणारा बोलपट असो, पेनड्राइव्हवर साठविलेले कीर्तन असो, की कन्येच्या विवाहाचे चित्रीकरण असो, ते उलगडून पडद्यास चित्र आणि स्पीकरांस ध्वनी देणे हे तिचे काम. सामग्री वाढली खरी. परंतु जे ऐकावयाचे ते पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच विचारावयास घेतला आहे.

नाट्यगृह कसे असावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार सांगितले, आणि मनुष्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम प्रमाणाचे गृह योग्य ठरविले. याहून मोठे का नको, याचे त्यांनी दिलेले कारण मनन करण्याजोगे आहे. गृह फार विस्तीर्ण झाले म्हणजे नटाचा शब्द विकृत होतो आणि मुखावरील भावही दिसेनासे होतात. पुढे वाचिक अभिनयाच्या विवेचनात तर वाणी हे नाट्याचे शरीरच होय, असा त्यांचा अभिप्राय आहे. नेपथ्य, अंगविक्षेप, वाद्ये ही सर्व त्या शरीरावरील अलंकार. ज्या नाट्यगृहात शब्द कळत नाही ते कितीही शोभिवंत असले तरी नाट्यगृह या नावास पात्र नव्हे. हाच निकष आपल्या दिवाणखान्यास लावून पाहावा.

आमच्या परिचयाच्या एका घरी अशी सामग्री आली. घरात ऐंशीच्या घरातील आजी आहेत. बुद्धी तल्लख, डोळे बरे, पण त्या म्हणतात, "मला ऐकू येते रे, कळत मात्र नाही." नातवाने आवाज चढविला, तर युद्धाच्या प्रसंगी भिंती हादरू लागल्या; सूनबाईंनी शेजाऱ्यांच्या भयास्तव तो उतरविला, तर संवादच नाहीसा झाला. अखेरीस सर्वजण हसले म्हणजे आपणही हसावयाचे, आणि थोड्या वेळाने "मी जरा पडते" म्हणून उठून आपल्या खोलीत जावयाचे, असा त्यांचा परिपाठ पडला. कोणी त्यांना उठविले नव्हते. परंतु घराच्या संध्याकाळमधून त्या उठल्या होत्या. असे आजी-आजोबा आज एकाच घरी आहेत असे नव्हे.

"ऐकू येते पण कळत नाही" हे बोल हट्टाचे नव्हेत, त्यांस शास्त्र आहे. व्याकरणात आपण शिकलो की स्वर स्वतंत्र उभा राहतो आणि व्यंजनास उच्चारासाठी स्वराचा आधार लागतो. ध्वनिशास्त्रातही स्वर बलवान आणि व्यंजन दुर्बळच. स्वरांचे बळ मुख्यतः खालच्या कंपनांत असते. उलट स, त, क, च यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा सूक्ष्म ध्वनी बव्हंशी सेकंदास २००० कंपनांच्या वर असतो. वार्धक्यात कान प्रथम मंदावतो तो या वरच्या कंपनांस. पान, कान, तान, दान या शब्दांत पुढचे सर्व एकच. भेद तेवढा पहिल्या व्यंजनात. तेच निसटले म्हणजे आवाज पोहोचतो, अर्थ पोहोचत नाही. अशा वेळी सरसकट आवाज चढविल्याने स्वर आणि स्फोट तेवढे मोठे होतात, व्यंजन होते तेथेच राहते. तेव्हा उपाय आवाज वाढविण्यात नसून शब्दाची वाट मोकळी करण्यात आहे.

ती वाट कोठून जाते ते पाहू. या यंत्रांच्या जाहिरातींत ५.१ असा आकडा आढळतो. त्यातील पाच म्हणजे पुढील डावा, मधला व उजवा, आणि बसणाऱ्याच्या दोन बाजूंस किंचित मागे ठेवावयाचे दोन, असे पाच ध्वनिमार्ग. दशांश चिन्हापुढील एक हा केवळ गंभीर घुमारीचा, सुमारे १२० कंपनांपर्यंतचा मार्ग. खरेदीच्या वेळी गिऱ्हाईक ज्या पेटीच्या धडधडाटास भुलते त्या पेटीतून मनुष्यवाणीचे एकही व्यंजन स्पष्ट बाहेर पडावयाचे नाही! बोलपटातील संवाद बहुतेक सर्व मधल्या मार्गाने येतो. म्हणून पाचांतील मधला स्पीकर हा या नाट्यगृहाचा सूत्रधार समजावा.

आता दोष कोठे शिरतात ते क्रमाने सांगतो.

पहिला दोष प्लेअरमधील. त्याच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये 'स्टीरिओ' अथवा 'पीसीएम स्टीरिओ' निवडलेले असेल तर पाच मार्गांचे मिश्रण होऊन दोनच पुढे जातात, आणि संवाद व पार्श्वसंगीत एकाच भांड्यात कालविले जातात. तेथे 'ऑटो' निवडावे. कधी उलट प्रकार होतो: चित्र उत्तम, पण आवाज मुळीच नाही. याचा अर्थ यंत्र बिघडले असा नव्हे. प्लेअर ज्या सांकेतिक रूपात ध्वनी धाडीत आहे ते पुढील यंत्रास वाचता येत नाही. बाळबोध जाणणाऱ्यास मोडीत पत्र लिहावे तसे ते झाले. सांकेतिक रूप बदलले की पत्र वाचले जाते.

दुसरा दोष जोडणीतील. एचडीएमआय नावाची जी तार २००२ पासून प्रचारात आली ती चित्र व ध्वनी दोन्ही नेते. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्लेअरची तार प्रथम ध्वनियंत्रास, म्हणजे रिसीव्हरास जोडावी आणि तेथून दुसरी तार टीव्हीस न्यावी. दुसरा मार्ग प्लेअर टीव्हीस जोडून टीव्हीकडून ध्वनी परत रिसीव्हराकडे आणण्याचा. त्यासाठी 'एआरसी' ही सोय २००९ मध्ये आणि तिचीच अधिक समर्थ आवृत्ती 'ईएआरसी' २०१७ मध्ये निघाली. हा मार्गही चालतो. मात्र काही टीव्ही मध्यस्थाचे अडत घेतात आणि पाच मार्गांचे दोन करूनच पुढे देतात. टीव्हीच्या ध्वनिसेटिंगात 'पासथ्रू' असल्यास ते निवडावे, म्हणजे टीव्ही पाकीट न फोडता पुढे धाडील.

तिसरा दोष सर्वांत सामान्य, आणि दूर करावयास सर्वांत सोपा. मधल्या स्पीकरची तार निसटलेली असते, किंवा तो स्पीकर घेतलेलाच नसतो. पण रिसीव्हराच्या नोंदीत तो 'आहे' असे लिहिलेले असते. मग रिसीव्हर इमानाने सर्व संवाद त्या रिकाम्या जागी पाठवितो. पाऊस ऐकू येतो, घोड्यांच्या टापा ऐकू येतात, फक्त माणसे मुकी! मधला स्पीकर नसेल तर नोंदीत तसे सांगावे, म्हणजे संवाद डाव्या-उजव्यांत वाटला जातो. असेल तर त्यास कपाटाच्या बंद कप्प्यात न कोंडता टीव्हीखाली अगदी कडेस आणून त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे करावे, आणि त्या एकट्याचीच पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. एवढ्याने घर न हादरता शब्द वर येतो.

ओठ आणि शब्द यांची फारकत हाही एक उपद्रव आहे. टीव्ही चित्र सजविण्यात क्षणभर वेळ घेतो आणि ध्वनी आधी पोहोचतो. शब्द ओठांच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी ते लक्षात येऊ लागते. आणि ज्यांना कमी ऐकू येते ते नकळत ओठांच्या हालचालीवरूनच अर्धा शब्द पुरा करीत असतात, हे येथे विसरू नये. तरुणास जी केवळ गैरसोय ती त्यांचा आधारच काढून घेते. रिसीव्हरात ध्वनी किंचित थांबविण्याची सोय असते. बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या ओठांकडे पाहत ती जुळवावी.

रात्रीच्या वेळी आणखी एका सोयीचा अवलंब करावा. 'नाइट मोड' या नावाने ती बहुधा असते. तिने मोठे आवाज दबतात आणि कुजबूज वर येते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. शेजारधर्म आणि कायदा दोन्ही सांभाळून संवाद ऐकण्याचा हा राजमार्ग होय.

जुन्या बोलपटांविषयी एक सूचना. प्रभातचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' किंवा १९३६ चा 'संत तुकाराम' हे एकमार्गी ध्वनीच्या काळातील. त्यांस चहूबाजूंनी घुमविणारे कृत्रिम परिणाम देऊ नयेत. अभंग एका मुखातून आला आहे, तो एकाच दिशेने ऐकावा.

शेवटी खोलीचा विचार. गुळगुळीत फरशी, काचेची तावदाने आणि उघड्या भिंती शब्दास परतवून त्याच्यावरच आपटतात. भरतमुनींनी नाट्यगृह पर्वताच्या गुहेसारखे व वारा न शिरणारे असावे असे म्हटले, कारण त्या काळी नटाच्या कंठास दुसरे साह्य नव्हते. आपल्याकडे साह्य पुष्कळ आहे, म्हणून आपणास गुहा नको. एक जाड सतरंजी, दोन पडदे आणि पुस्तकांचे भरलेले कपाट पुरे. पुस्तके न वाचताही उपयोगी पडतात, याचे एवढेच उदाहरण आम्हास ठाऊक आहे.

हे सर्व करूनही शब्द कळत नसेल तर कानांची तपासणी करून घेण्यात कोणताही कमीपणा मानू नये. चष्म्याचा मानीत नाही, तसाच श्रवणयंत्राचाही मानू नये. मात्र यंत्राची परीक्षा कोणाच्या कानाने करावयाची हे गृहस्थाने आधीच ठरवावे. दुकानात ती सर्वांत तरुण कानाने होते. घरात ती सर्वांत वृद्ध कानाने व्हावी. घरातील वडीलतम व्यक्तीस तिच्या नेहमीच्या जागी बसवावे, एखादा संवादप्रधान प्रवेश लावावा, आणि रिमोट आपल्या हाती ठेवून तिला विचारीत विचारीत एकेक सेटिंग बदलीत जावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे, आणि त्यास पैही पडत नाही. ज्यांनी आपणास बोलावयास शिकविले त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचविण्याचे कर्तव्य आता आपले आहे.