भरलेली सफरचंदे

दिवाळीत लेकीने स्लो कुकर आणला. मी म्हटले, "कांद्याच्या गावात यात शिजवायचे काय?" ती म्हणाली, "अप्पा, सफरचंदे."

आमच्या लहानपणी लासलगावात कोणाकडे सफरचंद दिसले की समजायचे, घरात आजारी माणूस आहे. हिच्या शेवटच्या आजारपणातही भेटायला येणाऱ्यांनी पिशव्या भरून आणली. हिला कवळी बसत नव्हती. मी आपला फोडी करून पुढे ठेवी. त्या काळ्या पडत. शिजवून द्यावे हे सुचलेच नाही. पन्नास वर्षांत स्वयंपाकघरात मी फक्त जेवायला गेलो होतो.

आता दर रविवारी करतो. देठाकडून बियांचा गाभा कोरायचा, बूड फुटू द्यायचे नाही. आत नाशिकचे बेदाणे, अक्रोड, गूळ, दालचिनी आणि चमचाभर तूप. भांड्यात अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर तीनेक तास. चमच्याने तुटते, दात लागत नाहीत. यात परदेशी असे काही नाही. आई चुलीच्या निखाऱ्यांवर दूध तासन् तास ठेवायची, तीच ही आच.

माझे स्पष्ट मत आहे, मुलग्यांना स्वयंपाक शिकवलाच पाहिजे. हौस म्हणून नव्हे; घरातल्या आजारी माणसाला गिळता येईल असे काही करता यावे म्हणून. चौतीस वर्षे शाळेत शिकवले, पण हे मी ना शिकलो, ना कोणाला शिकवले.

मे महिन्यात नातू येतोय. पहिला धडा ठरला आहे : बूड फुटू द्यायचे नाही.