ताटात कधीच आलेलं जीएम: सरकीचं तेल, ढेप आणि पैनगंगेचे दोन काठ

मृग जवळ आला की आदिलाबाद जिल्ह्यात दोन बातम्या ठरलेल्या. एक, कुठल्या तरी नाक्यावर नाहीतर गोदामात बेकायदेशीर कपाशी बियाणं पकडल्याची. दुसरी, जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांवर दिल्लीत काही निर्णय झाल्याची किंवा तो पुन्हा लांबल्याची. पहिली आपण गुन्ह्याची बातमी म्हणून वाचतो, दुसरी विज्ञानाची. पण बेला, जैनथ, तामसी भागातल्या कापूस उत्पादकाच्या घरी या दोन्ही बातम्या एकाच ठिकाणी येऊन भेटतात: स्वयंपाकघरात आणि गोठ्यात.

कसं, ते समजून घ्यायचं तर आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. "भारतात जीएम अन्नाला परवानगी नाही" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटतं.

परवानगी नाही, मग खातोय काय?

अन्न म्हणून पिकवायच्या जीएम पिकांबद्दल ते वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जीईएसी या समितीने हिरवा कंदील दाखवला. पण तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यात नागपूरही होतं आणि हैदराबादही, म्हणजे आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं गेलं. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली, ती आजही आहे. शेजारच्या बांगलादेशाने मात्र तेच बीटी वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएमएच-११ या जीएम मोहरीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं: केंद्राने जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण तयार करावं.

म्हणजे वांगं अडलं, मोहरी अडली. पण कपाशी? बीटी कपाशीला २६ मार्च २००२ ला मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली. आज देशातल्या कपाशीच्या ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटीच आहे. आदिलाबाद असो की पलीकडचं केळापूर, झरी जामणी, बीटी नसलेली कपाशी शोधावी लागते.

कपाशीला आपण 'नगदी पीक' म्हणतो, 'अन्न' म्हणत नाही. पण एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. बाकी जवळजवळ सगळी सरकी. ती ऑइल मिलला जाते, तिथे तेल निघतं आणि उरते ती ढेप. देशात दरवर्षी सरकीचं तेल बारा लाख टनांच्या आसपास निघतं. ते फरसाणाच्या कढईत जातं, रिफाइंड होऊन पाकिटात जातं, दुसऱ्या तेलात मिसळलं जातं. ढेप आपल्या गाई-म्हशी खातात आणि त्यांचं दूध आपली लेकरं पितात.

शिवाय आपण जे सोयाबीन तेल रोज वापरतो, त्यातला मोठा वाटा अर्जेंटिना, ब्राझीलहून येतो. तिथलं सोयाबीन बहुतेक जीएमच. २०२१ मध्ये तर कुक्कुटपालनासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायलाही केंद्राने परवानगी दिली होती. तेव्हा जीएम अन्न येऊ द्यायचं की नाही, ही चर्चा आपल्यापुरती वीस वर्षं उशिरा चालली आहे.

मग घाबरायचं का?

इथे घाई करू नये. घाबरवणारेही पुष्कळ आहेत आणि "काहीच होत नाही" म्हणून हात झटकणारेही.

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडात एक प्रथिन तयार होतं, जे बोंडअळीच्या आतड्यात जाऊन तिला मारतं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं आणि हे प्रथिन चिकटायला लागणाऱ्या खास जागा तिथे असतात. माणसाच्या आम्लधर्मी जठरात तशी परिस्थिती नसते. दुसरं, तेलात प्रथिन जवळपास उतरतच नाही आणि रिफायनिंगमध्ये जे थोडं असेल तेही जातं. सरकीत गॉसिपॉल नावाचं नैसर्गिक विष असतंच, ते बीटीच्या कितीतरी आधीपासून आहे आणि कच्चं सरकी तेल शुद्ध करूनच खायचं, हा नियम त्यामुळेच आला.

ढेपेचं काय? तिच्यात प्रथिन असतं. म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना बीटी सरकी खाऊ घालून चाचण्या झाल्या. दुधात ते प्रथिन आढळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं असं की बाजारात असलेले जीएम पदार्थ सुरक्षा तपासणीतून गेलेले आहेत आणि त्यांचा माणसाच्या आरोग्याला धोका संभवत नाही. पण प्रत्येक पीक वेगळं तपासलं पाहिजे, एकाच्या निकालावरून दुसऱ्याला पास करता येत नाही, हेही तीच संघटना सांगते.

टीका करणाऱ्यांचा मुद्दाही हलका नाही. बऱ्याच चाचण्या काही आठवड्यांच्या किंवा तीन महिन्यांच्या असतात, त्यातली बरीचशी माहिती कंपनीच देते, स्वतंत्र तपासणी कमी होते. वांग्याला स्थगिती देताना हाच मुद्दा पुढे आला होता. २००६ मध्ये वरंगल जिल्ह्यात वेचणी झालेल्या बीटी कपाशीच्या वावरात चरून मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी झाल्या. बीटीमुळेच त्या मेल्या हे सिद्ध होत नाही, असं जीईएसीने सांगितलं. पण ज्याचा कळप गेला त्याला 'सिद्ध होत नाही' याने समाधान मिळत नाही, आणि त्याच्या रागाला मूर्खपणा म्हणणंही बरोबर नाही.

एकंदर बघता, मंजूर बीटीच्या तेला-दुधाबद्दल आज हाती असलेला पुरावा दिलासा देणारा आहे. आपली खरी अडचण दुसरीकडे आहे. ज्या बियाण्याची तपासणी झाली, तेच बियाणं आता आपल्या वावरात आहे का?

'चोर बीटी'चं तेल कोण तपासतं?

विदर्भात तिला 'चोर बीटी' म्हणतात, तेलंगणात 'बीटी-३'. कागदावर नाव एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारी कपाशी. ग्लायफोसेट फवारलं की तण जळतं, कपाशी उभी राहते. या वाणाच्या मंजुरीचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला. तपासणीची फाइल मध्येच थांबली, बियाणं मात्र थांबलं नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या समितीला ते महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र आणि गुजरातमध्ये सापडलं. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रहच केला.

शेतकरी ते का पेरतो, हे आपल्याला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, पावसाची झड लागली की डवरा चालत नाही आणि आठ दिवसांत वावर तणाने भरून जातं. अशा वेळी एका फवारणीत काम होत असेल तर तो कायद्याचं पुस्तक उघडून बसणार नाही. त्याला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

पण खाण्याच्या बाजूने पाहा. हे तणनाशक-सहनशील जनुक असलेली कपाशी अमेरिकेत २००६ पासून कायदेशीर पेरली जाते, म्हणजे ते जनुक जगाला अनोळखी नाही. आपल्याकडे मात्र पाकिटात काय भरलंय, कोणत्या वाणात ते उतरवलंय, याची जबाबदारी कोणाचीच नाही. पावती नाही, लॉट नंबर नाही. आणि कापूस मार्केट यार्डात आला की चोर बीटी आणि मंजूर बीटी एकाच ढिगात पडतात. जिनिंगला फरक कळत नाही, ऑइल मिलला कळत नाही, म्हशीला तर नाहीच नाही. ज्या सरकीची अन्न म्हणून भारतात मंजुरीच झाली नाही, ती अन्नसाखळीत शिरलेली आहे.

दुसरा धागा तणनाशकाचा. भारतात ग्लायफोसेटला मान्यता आहे ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांसाठी, कपाशीसाठी नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेलं' म्हटलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते मानलं नाही. तेलंगणा सरकारने हंगामात त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच फवारावं. आता बेल्यातल्या दोन एकरवाल्याने असा व्यावसायिक कुठून आणायचा? फवारणी होतेच, पाठीवरच्या पंपाने, तोंडाला दुपट्टा बांधून. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष वेगळं होतं, पण पंप हेच होते आणि दुपट्टाही हाच.

आणि एक नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही. आपल्या कपाशीत तुरीच्या ओळी असायच्या, धुऱ्याला अंबाडी, मध्येच चवळी, काकडी, वाळूक. सबंध वावरावर ग्लायफोसेट गेलं की कपाशी सोडून हे सगळं जळतं. निंदणाचा पैसा वाचला, पण घरची डाळ आणि भाजी बाजारातून आणावी लागली. जीएम अन्नाच्या सुरक्षिततेवर बोलताना ताटातून काय गेलं, हेही मोजायला पाहिजे ना?

नदी एक, नियम दोन

सीमेवर राहणाऱ्यांची आणखी एक गंमत. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणाचं कृषी खातं आणि पोलीस. बोगस बियाणं विकणाऱ्यांवर इथे पीडी ॲक्टही लावतात. पलीकडे यवतमाळात महाराष्ट्राची भरारी पथकं. पाटणबोरीपासून आदिलाबादपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४, जवारीपासून सोयरिकीपर्यंत सगळी ये-जा त्याच रस्त्याने. एका बाजूला धाक वाढला की बियाणं दुसऱ्या बाजूने येतं. मामाच्या गावाहून आलेल्या पिशवीत काय आहे, हे कोणतं पथक बघणार?

म्हणून दोन्ही राज्यांनी आपापल्या हद्दीत पाकिटं जप्त केल्याचे आकडे जाहीर केले तरी माल एकाच बाजारात फिरत राहतो. बियाणं पकडलं गेलं की फसतो तो छोटा दुकानदार आणि ज्याचं पीक उगवलंच नाही तो शेतकरी. बियाणं तयार करणारा क्वचितच हाती लागतो.

पाकिटावर काय लिहिलंय?

खाणाऱ्याच्या हक्काचं काय? अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम २२ प्रमाणे परवानगीशिवाय जीएम अन्न विकता येत नाही. पाकिटबंद मालाच्या वजनमाप नियमांत १ जानेवारी २०१३ पासून अशी तरतूद आली की जीएम पदार्थ असेल तर पाकिटावर 'जीएम' लिहायचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मसुदे काढले, त्यात एक टक्का किंवा त्याहून जास्त जीएम घटक असल्यास लेबल लावायची सूचना होती. आता तुम्ही घरातलं तेलाचं पाकीट हातात घेऊन बघा. असं काही दिसतंय?

हा प्रश्न आता भातापर्यंत आला आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली. त्यातलं 'कमला' हे हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून तयार केलं. यात बाहेरचं जनुक नाही, म्हणून २०२२ च्या सूटीनुसार ते जीईएसीकडे जावं लागलं नाही. बीटीपेक्षा ही वेगळी गोष्ट आहे, दोघांना एकाच मापाने मोजणं चुकीचं. पण हा भात आपल्या ताटात येणार असेल, तर बियाण्याच्या पिशवीवर आणि तांदळाच्या कट्ट्यावर तसं लिहिलेलं असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मागायचं काय?

जीएम हवं की नको, या भांडणात सीमाभागाने कुठल्या एका बाजूने उभं राहायलाच पाहिजे असं नाही. पण चार गोष्टी दोन्ही राज्यांकडे मागता येतात. आदिलाबाद आणि यवतमाळच्या बाजारातली सरकी, ढेप आणि तेल यांचे नमुने दर हंगामात सरकारी प्रयोगशाळेत तपासावेत, ग्लायफोसेटच्या अवशेषांसह, आणि निकाल मराठी-तेलुगूत जाहीर करावेत. एचटीबीटीची अर्धवट राहिलेली तपासणी सरकारी संस्थेने पूर्ण करून हो किंवा नाही, एकदाचं सांगावं. बियाण्यावरची कारवाई दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करावी आणि ती उत्पादकापर्यंत न्यावी. आणि निंदणाला परवडणारा पर्याय द्यावा, कारण तो मिळत नाही तोवर चोर बीटी थांबणार नाही.

वांग्यासाठी नागपूर आणि हैदराबादेत लोकांना बोलावून विचारलं गेलं होतं. सरकीसाठी आपल्याला कोणी विचारलं नाही. येत्या हंगामात कापूस यार्डात येईल, सरकी मिलला जाईल, ढेप गोठ्यात येईल. निदान त्यात काय आहे, एवढं तरी विचारायला आपण सुरुवात करू.