इंग्रजी शब्दांची पुंजी

इंग्रजी निबंध तपासतांना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. मुलगा हुशार असो वा मध्यम, त्याच्या लेखांत सर्व चांगल्या वस्तु 'गुड', सर्व वाईट वस्तु 'बॅड', आणि त्या फारच चांगल्या किंवा फारच वाईट असतील तर त्यांच्यामागें एक 'व्हेरी'. पावसाळा व्हेरी गुड, सहल व्हेरी गुड, आजोबाहि व्हेरी गुड! ह्यावर उपाय म्हणून भारदस्त शब्दांच्या याद्या पाठ करण्याची टूम निघाली आहे. भ्रमणध्वनीवर रोज सकाळीं दहा नवे शब्द येतात; ते वहींत उतरतात आणि परीक्षेंत जेथें जागा सांपडेल तेथें कोंबले जातात. रोगापेक्षां हा उपाय अधिक वाईट, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याद्यांचा दोष असा कीं, त्या शब्दाचा अर्थ सांगतात, पण स्वभाव सांगत नाहींत. 'स्लिम' आणि 'स्किनी' ह्या दोहोंपुढें 'बारीक' एवढेंच लिहिलेलें असतें. मराठींत मात्र कोणीहि मुलगा 'सडपातळ' आणि 'हडकुळा' एका मापानें मोजणार नाहीं. आत्याबाईंस सडपातळ म्हटलें तर त्या खुलतील; हडकुळी म्हटलें तर त्या दिवशीं लाडवाची आशा सोडावी. 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी आणि 'स्टिंजी' म्हणजे कवडीचुंबक. 'चाइल्डलाइक' म्हणजे निरागस आणि 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. पहिल्यानें स्तुति होते, दुसऱ्यानें निंदा. हा भेद ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तो शब्दच ठाऊक नाहीं असें समजावें.

आतां हा भेद शिकावा कोठें? आमच्या मतें प्रथम मराठींत. आपण नुसतें काळा म्हणून थांबत नाहीं, काळाकुट्ट म्हणतों. तसेंच पांढराशुभ्र, पिवळाधमक, हिरवागार, लालभडक. ह्यांची अदलाबदल करून पाहा: 'हिरवाधमक' म्हणतांच कानास खटकतें. हें आपणांस कोणीं व्याकरणांतून शिकविलें नाहीं. ऐकून ऐकून अंगीं मुरलें. इंग्रजींतहि शब्दांच्या अशाच सोयरिकी आहेत. तेथें पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग'. 'स्ट्राँग रेन' हें 'हिरवाधमक' म्हणण्यासारखेंच होय. म्हणून नवा शब्द एकटा घेऊं नये, त्याच्या सोबत्यासह घ्यावा. चालणें ही एकच क्रिया घ्या. रमतगमत जाणारा 'सॉन्टर' करतो, ढांगा टाकणारा 'स्ट्राइड', लंगडणारा 'लिंप', झोकांड्या खाणारा 'स्टॅगर'. आणि पाळी संपवून दमलेला माणूस चिखलांतून पाय ओढीत घरीं येतो, तो 'ट्रज' करतो.

राजूरच्या मुलांस तर ह्या कामीं दूर जाण्याचें कारणच नाहीं. वणी तालुक्यांतील ह्या गांवाचें नांव कोळसा आणि चुना ह्या दोन वस्तूंशीं जोडलेलें आहे, आणि ह्या दोहोंभोवतीं इंग्रजींत शब्दांचें केवढें रान वाढलें आहे! भट्टींतून निघालेल्या कळीच्या चुन्यास इंग्रजींत 'क्विकलाइम' म्हणतात. 'क्विक' म्हणजे जलद. मग हा जलद चुना कसला? जुन्या इंग्रजींत 'क्विक' ह्याचा अर्थ जिवंत असा होता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत हा शब्द जिवंत माणसांसाठीं योजिलेला आढळतो. म्हणूनच पाऱ्यास 'क्विकसिल्व्हर' म्हणतात, आणि नखाखालच्या हुळहुळ्या मांसास नुसतें 'क्विक'. आपणहि जिवंत झरा म्हणतोंच. ह्या चुन्यावर पाणी पडलें कीं तो तापतो, फसफसतो, तडकतो आणि भुगा होऊन बसतो. ह्या क्रियेस 'स्लेक' असें क्रियापद आहे, आणि तेंच तहान भागविण्यासहि लागतें. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्याच्या दृष्टीनें चुना तहानलेला असतो! ज्यानें हें डोळ्यांनीं पाहिलें आहे (दुरूनच पाहावें, हा चुना डोळ्यांस फार घातक), त्यास 'हिस', 'क्रॅक' आणि 'क्रंबल' हे शब्द घोकावे लागणार नाहींत.

कोळशाचेंहि तसेंच. 'डॅम्प' म्हणजे ओल असें पाठ केलेला विद्यार्थी खाणींतल्या 'फायरडॅम्प'चें भाषांतर 'आगीची ओल' असें करून मोकळा होईल. वस्तुतः येथें 'डॅम्प' हा वाफ किंवा वायु ह्या अर्थाचा जुना शब्द आहे, आणि फायरडॅम्प म्हणजे पेट घेणारा मिथेन वायु. त्याचा स्फोट होऊं नये म्हणून १८१५ सालीं सर हंफ्री डेव्ही ह्यांनीं जाळीचा दिवा तयार केला. काळ्याभोर केसांस 'जेट-ब्लॅक' म्हणतात. हें 'जेट' विमान नव्हे, तर दागिन्यांत बसविण्याचा, कोळशाच्याच जातीचा एक चकाकणारा पदार्थ आहे. आणि अनाठायीं श्रमांस 'न्यूकॅसलला कोळसा नेणें' असें जें म्हणतात, त्याचा अर्थ इतर गांवच्या मुलांस समजावून द्यावा लागेल. आमच्या मुलांस नाहीं.

कोणी पालक म्हणतील, ही सारी हौस झाली. संसाराशीं तिचा संबंध काय? संबंध आहे. समजा, घरांतील आजीस उपचारासाठीं परप्रांतीं नेलें, तेथील डॉक्टर मराठी जाणत नाहींत, आणि बोलण्याचें काम आठवींतल्या नातवावर आलें. नातू म्हणतो, 'व्हेरी पेन'. आजी स्वतः ठणका, चमक, मुरडा आणि आग ह्यांत कधींहि गोंधळ करणार नाहीं. ठणक्यास 'थ्रॉबिंग', चमकेस 'शूटिंग', मुरड्यास 'क्रँपिंग', आग होण्यास 'बर्निंग' हे चार शब्द नातवाजवळ असते, तर आजीचें म्हणणें डॉक्टरांपर्यंत जसेंच्या तसें पोंचलें असतें. शब्दांच्या गरिबीनें येथें शिक्षा झाली ती आजीस.

अर्जांचीहि तीच कथा. मराठी ही राज्याची राजभाषा आहे. तेव्हां अर्ज मराठींत करण्याचा हक्क आपण अवश्य बजावावा. पण जेथें कागद इंग्रजींतच चालतो, तेथें विहिरीचें पाणी 'बॅड' आहे एवढें लिहून अधिकाऱ्यास काय कळावें? पाणी गढूळ असेल तर तें 'मडी', मचूळ असेल तर 'ब्रॅकिश', कुजका वास येत असेल तर 'फाउल'. प्रत्येकाचें कारण निराळें आणि उपायहि निराळा. मोघम शब्दास उत्तरहि मोघमच येतें.

ह्यावरून जड शब्द वापरावे असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. सी. के. ऑग्डेन ह्यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली, आणि तेवढ्यांत पुष्कळसा व्यवहार उरकतो हें दाखविलें. १८६३ सालीं गेटिसबर्ग येथें एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. त्यांच्यामागून लिंकन सुमारें २७० शब्द बोलले, त्यांतले बहुतेक लहान लहान. आज लोक आठवण काढतात ती लिंकन ह्यांच्या भाषणाची. पंडिता रमाबाई संस्कृतांत पारंगत होत्या, आणि १८८७ सालीं त्यांनीं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हें पुस्तक इंग्रजींत लिहिलें. त्याच रमाबाईंनीं बायबलाचें मराठी भाषांतर करतांना साध्यासुध्या माणसांस समजतील असे सोपे शब्द वेंचून घेतले. पेटींत पुष्कळ शब्द असले म्हणजेच वेंचतां येतात. ज्याच्याजवळ 'गुड' हा एकच शब्द आहे, त्याच्या साधेपणास साधेपणा म्हणतां येत नाहीं.

आमची सूचना अगदीं लहान आहे. जे. टी. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. आज तो संगणकावर विनामूल्य पाहतां येतो. त्यांत घरगुती बोलण्यांतले शब्द आहेत, म्हणी आहेत, आणि एकेका मराठी शब्दापुढें छटांसह कित्येक इंग्रजी शब्द दिले आहेत. मुलांनीं इंग्रजी यादीपासून निघण्याऐवजीं आजीच्या तोंडच्या शब्दापासून निघून ह्या कोशांत शिरावें. त्यांतलें इंग्रजी जुनें आहे, म्हणून सांपडलेला शब्द शिक्षकांस एकदां दाखवावा. आठवड्यास तीन शब्द पुरेत. प्रत्येकाचें एक वाक्य, आणि तें राजूरांतल्याच एखाद्या पाहिलेल्या वस्तूविषयीं.

पालकांनींहि रात्रीं जेवतांना विचारावें, पण 'आज किती शब्द पाठ झाले?' असें नव्हे. 'आज काय पाहिलें, आणि त्यास काय म्हणतात?' असें. ज्या घरांत कोलामी, गोंडी किंवा तेलुगु बोलतात, तेथील मुलांनीं वहींत तिसरा रकाना आंखून त्या भाषेंतला शब्दहि लिहावा. त्यास लाजण्याचें कांहीं कारण नाहीं. इंग्रजी भाषा स्वतः कोठें लाजली? एका चपळ, सापाशीं झुंजणाऱ्या प्राण्याचें नांव तिनें मराठीकडूनच उचललें आहे. वहींत 'माँगूस' ह्या शब्दापुढें 'मुंगूस' असा अर्थ लिहितांना मुलांस खचित हंसूं येईल.